चारशे चौतीस रुपयांचा जाब

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका गल्लीत माझा अक्षरजुळणीचा व्यवसाय आहे. शाळांच्या स्वाध्यायपुस्तिका, दिवाळी अंक, अधूनमधून एखादी कादंबरी अशी कामं येतात. पानं लागली की फाइल प्रेसला जाते आणि लेखक-संपादक आपापल्या घरी बसून प्रुफं तपासतात. हे सगळं इंटरनेटच्या एका लाइनवर चालतं. म्हणून घरगुती प्लॅन न घेता मी व्यवसायाचा घेतला. मासिक भाडं १,४९९ रुपये. बाहेरून आमच्या सर्व्हरला जोडता यावं म्हणून मी स्वतः मागून घेतलेल्या स्टॅटिक आयपीचे २०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण २,००४ रुपये ८२ पैसे. कोटेशनवर हाच आकडा होता आणि बिलही तेवढंच यायचं.

मग एका महिन्यात बिल आलं २,४३९ रुपये ६ पैशांचं. प्लॅन तोच, वेग तोच. तीन ओळी मात्र नव्या होत्या: ‘मॅनेज्ड वाय-फाय’ १४९, ‘नेटवर्क मेंटेनन्स’ ९९ आणि ‘अदर चार्जेस’ १२०. तिन्हींची बेरीज ३६८ रुपये, जीएसटी धरून ४३४ रुपये २४ पैसे. असंच चालू राहिलं तर वर्षाचे ५,२१० रुपये ८८ पैसे. आमच्याकडे एवढ्यात एका छोट्या पुस्तिकेची अक्षरजुळणी होते.

शेजारचे बाइंडिंगवाले काका म्हणाले, “अहो ताई, चारशे रुपयांसाठी कुठे भांडत बसता? धंदा बघा.” काकांचं म्हणणं मला कळतं. लहान व्यावसायिकाकडे वेळच नसतो. पण वाण्याच्या यादीत ‘इतर’ म्हणून एकशेवीस रुपये दिसले तर हेच काका तिथल्या तिथे विचारतील, हे काय? इंटरनेटच्या बिलाला तोच प्रश्न विचारायला आपण का कचरतो? आपण विचारत नाही, म्हणूनच अशा ओळी टिकतात.

आधी बिल वाचायला शिका

व्यवसायाच्या इंटरनेट बिलात योग्य आकारही बरेच असतात, ते आधी बाजूला काढावेत. महिन्याच्या मध्यात प्लॅन बदलला तर जुन्या-नव्या दिवसांचं भाडं वेगवेगळं लागतं आणि त्या एका महिन्याचं बिल विचित्र दिसतं. स्टॅटिक आयपी, जागा बदलल्यावर लाइन हलवणं, राउटरचं भाडं हे मागितलं असेल तर द्यायचंच. बिल उशिरा भरलं तर विलंब आकार लागतो आणि जीएसटी कायद्यानुसार त्या विलंब आकारावरही कर लागतो. मागची थकबाकी वेगळ्या ओळीत येते.

हे वगळून जे उरतं, ते वादाचं. माझ्या बिलात त्या तीन ओळी उरल्या.

इथे जीएसटीचा एक नियम उपयोगी पडतो. केंद्रीय जीएसटी नियमांतला ४६वा नियम कर-बीजकात काय काय असावं ते सांगतो. दोन्ही बाजूंचे जीएसटी क्रमांक, सेवेचा कोड, करपात्र रक्कम, कराचा दर यांच्याबरोबर सेवेचं वर्णनही त्यात आहे. ‘अदर चार्जेस’ या दोन शब्दांतून कोणत्याही सेवेचं वर्णन होत नाही. म्हणजे ‘हे कशाचे पैसे?’ हा प्रश्न विचारताना आपण कोणाकडे कृपा मागत नाही. ती माहिती बिलावर असायलाच हवी.

अनेक व्यापारी आणखी एका समजुतीपोटी गप्प बसतात. “जीएसटीचं क्रेडिट मिळतंच की,” असं ते म्हणतात. क्रेडिट फक्त कराचं मिळतं. माझ्या ४३४ रुपये २४ पैशांपैकी ६६ रुपये २४ पैसे परत मिळाले असते, ३६८ रुपये खिशातूनच गेले असते. जे कंपोझिशन योजनेत आहेत किंवा ज्यांची नोंदणीच नाही, त्यांना तर पूर्ण रकमेचा भुर्दंड.

आणि ऑटो-पे तपासा. मँडेट देताना आपण पाच हजारांची कमाल मर्यादा घालतो आणि विसरतो. बिल दोन हजारांचं चोवीसशे झालं तरी ते त्या मर्यादेत बसतं आणि पैसे निमूट कापले जातात. कार्ड आणि यूपीआयवरच्या ई-मँडेटसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी रकमेसह सूचना यावी लागते. ती सूचना वाचण्याची सवय लावा आणि मर्यादा नेहमीच्या बिलाच्या जवळ आणून ठेवा.

फोन पुरेसा नाही, लिहा

कस्टमर केअरला फोन केला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, “मॅडम, सिस्टिममध्ये दाखवतंय, म्हणजे बरोबर आहे.” फोन उचलणाऱ्या मुलीचा यात दोष नाही. तिच्यासमोर असतं तेच बिल, जे आपल्या हातात आहे. म्हणून फोनचा उपयोग एकाच गोष्टीसाठी करावा: तक्रार नोंदवून डॉकेट नंबर मिळवणं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२च्या तक्रार निवारण नियमांनुसार कंपनीने तक्रार केंद्र ठेवायचं असतं आणि प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र डॉकेट नंबर द्यायचा असतो. हा नंबर हातात नसेल तर पुढची पायरी चढता येत नाही.

डॉकेट नंबर मिळाल्यावर मी ईमेल लिहिला. त्यात राग नव्हता, चार प्रश्न होते, तिन्ही ओळींसाठी तेच.

हा आकार कोणत्या सेवेचा आहे? तो करारातल्या किंवा कोटेशनमधल्या कोणत्या कलमाखाली लावला? माझी संमती कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने घेतली? आणि दर नवा असेल तर त्याची सूचना मला कधी पाठवली?

सोबत कोटेशन, आधीची बिलं आणि पैसे भरल्याची बँकेतली नोंद जोडली. शेवटी लिहिलं की वादात नसलेले २,००४ रुपये ८२ पैसे मी मुदतीत भरत आहे, उरलेल्या रकमेबद्दल तक्रार प्रलंबित असताना विलंब आकार लावू नये आणि सेवा खंडित करू नये. ही ओळ महत्त्वाची आहे. सगळं बिल अडवून धरलं तर थकबाकीदार आपण ठरतो, लाइन कापली जाते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. मान्य रक्कम वेळेवर भरली तर वाद त्या तीन ओळींपुरता राहतो.

या चार प्रश्नांनी एक मोठी गोष्ट साधली. आतापर्यंत मी ‘हे चूक आहे’ हे सिद्ध करायचं, असं वातावरण होतं. आता ‘हे बरोबर आहे’ हे कंपनीने दाखवायचं होतं. पैसे ज्याने मागितले, त्याचा आधार त्यानेच द्यायचा.

उत्तरं आली, तेव्हा एकेका ओळीचा उलगडा झाला. ‘अदर चार्जेस’ म्हणजे ऑटो-पे परत गेल्याचा दंड होता. माझ्या बँकेच्या उताऱ्यावर मात्र त्या महिन्याचे पैसे मुदतीत गेल्याची नोंद होती, यूटीआर क्रमांकासह. ती दाखवताच हा आकार रद्द झाला. ‘नेटवर्क मेंटेनन्स’साठी करारातलं ‘दर बदलू शकतात’ हे वाक्य पुढे करण्यात आलं. मी एवढंच विचारलं की बदलाची सूचना कुठे आहे. ती नव्हती.

सर्वांत शिकण्यासारखी होती ती ‘मॅनेज्ड वाय-फाय’ची ओळ. काही महिन्यांपूर्वी राउटर बदलायला तंत्रज्ञ आला होता. काम झाल्यावर त्याने आमच्या ऑपरेटरला मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला, “काम पूर्ण झाल्याचा आहे,” म्हणून. त्याच ओटीपीने सुरुवातीला मोफत असलेली एक सेवा चालू झाली आणि मोफत मुदत संपल्यावर तिचे पैसे लागू लागले. कंपनीच्या लेखी ती माझी संमती होती. मला ती मान्य नव्हती. संमती म्हणजे कोणती सेवा, किती पैसे आणि केव्हापासून, हे कळून दिलेला होकार. मी त्या ओटीपीच्या एसएमएसचा मजकूर मागितला. त्यात दराचा उल्लेखच नव्हता. तक्रार केंद्राने तरीही ही ओळ कायम ठेवली, म्हणून मी अपील केलं आणि तिथे ती रद्द झाली. आमच्या ऑफिसात आता नियम आहे: एसएमएस पूर्ण वाचल्याशिवाय ओटीपी कोणालाही सांगायचा नाही.

पायऱ्या कोणत्या

तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झालं नाही, किंवा मुदतीत उत्तरच आलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्याला शुल्क नाही. ईमेलने पाठवता येतं आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा, असं नियम सांगतो. अपील प्राधिकरण कंपनीचंच असलं तरी त्याच्या सल्लागार समितीत ट्रायकडे नोंदणीकृत ग्राहक संघटनेचा एक सदस्य असतो. ही पायरी फुकट आहे, पण फार थोडे लोक तिच्यापर्यंत पोहोचतात.

ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हेही ध्यानात ठेवा. ‘ट्रायकडे जाईन’ म्हणण्यापेक्षा अपील करा. त्यानंतर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे गाऱ्हाणं मांडता येतं आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

शेवटची पायरी ग्राहक आयोगाची. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिग्राफ कायद्याच्या कलम ७ब वर बोट ठेवून टेलिफोन बिलांचे वाद ग्राहक मंचाबाहेर काढले होते. फेब्रुवारी २०२२मध्ये त्याच न्यायालयाने ग्राहकांसाठी हा दरवाजा उघडा असल्याचं स्पष्ट केलं. तो खटला अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकाचा होता. त्याचं महिन्याचं बिल सरासरी ५५५ रुपये यायचं आणि एका महिन्यात ते २४,६०९ रुपयांवर गेल्याची त्याची तक्रार होती.

व्यवसायाच्या जोडणीला मात्र इथे एक अडथळा आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यापारी हेतूने’ सेवा घेणारा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. कंपनीचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो. यावर लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्याचा १९९५चा निकाल आजही सांगितला जातो. स्वतःच्या श्रमाने, स्वयंरोजगारासाठी, पोट भरण्यापुरती वस्तू वापरणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने त्यात ग्राहक मानलं. दुसऱ्यांचं टायपिंग करून देण्यासाठी टाइपरायटर घेणाऱ्याचं उदाहरण त्या निकालात आहे. अक्षरजुळणी करणारीला ते आपलं वाटल्याशिवाय राहत नाही. पण नव्या कायद्यातलं हे स्पष्टीकरण वस्तूंबद्दल बोलतं, सेवांबद्दलचा युक्तिवाद आपल्याला करावा लागतो. त्यामुळे एकट्याने काम करणारा शिंपी, टायपिस्ट, कर सल्लागार यांना बाजू मांडायला जागा आहे. पन्नास माणसांच्या कंपनीला ती जवळपास नाही. तिने करार, कायदेशीर नोटीस आणि गरज पडल्यास दिवाणी न्यायालय हाच मार्ग धरावा. लीज लाइन असेल तर करारातलं लवादाचं कलम सहीच्या आधीच वाचून ठेवावं.

आयोगाकडे जायचंच ठरलं तर तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात ती दाखल होते, मग करारात दिल्लीचं न्यायक्षेत्र लिहिलेलं का असेना. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही.

क्रेडिट नोट घ्या

तक्रार मान्य झाली की “पुढच्या बिलात अॅडजस्ट करू” असं सांगितलं जातं. तेवढ्यावर थांबू नका. बिलात जास्त रक्कम आणि जास्त कर लावला गेला असेल, तर जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली पुरवठादार क्रेडिट नोट काढू शकतो. कराची दुरुस्ती त्यात धरायची असेल तर बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरच्या आत व्हावी लागते. ती नोट कागदावर आली की आपला हिशेब आणि कंपनीचा हिशेब जुळतो. माझी नोट आली, त्यावर तिन्ही आकार त्यांच्या करासह नोंदलेले होते आणि त्यानंतरचं बिल पुन्हा २,००४ रुपये ८२ पैशांचं आलं.

तुमची लाइन गल्लीतल्या केबलवाल्याकडून आली असेल, तर बिल कोणाच्या नावाने आणि कोणत्या जीएसटी क्रमांकावर निघतं ते आधी पाहा. पावती हाताने लिहिलेली असेल तर छापील कर-बीजक मागा. तक्रार कोणाविरुद्ध करायची, हे त्याच कागदावरून ठरतं.

व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. या महिन्याचं बिल भरण्याआधी कोटेशन शेजारी ठेवून एकदा ओळीने वाचा. जी ओळ जुळत नाही, तिच्याबद्दल ते चार प्रश्न लिहून पाठवा आणि डॉकेट नंबर जपून ठेवा. रक्कम चारशेची असो की चाळीसची, आपण न मागितलेल्या सेवेचे पैसे घेण्याचा हक्क कोणालाही नाही. तो आपण गप्प राहून देऊ नये.