डॉक्टरांनी मोबाइल पाहिला, म्हणून काय झाले?

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर तपासता तपासता मोबाइल उघडून वाचू लागले, की बाकावर कुजबुज सुरू होते : "ह्यांना काय येत न्हाई वाटतं, मोबाइलात बघून औषध देत्यात." असा संशय घेण्याआधी ते काय वाचत असतात, हे समजून घेऊ.

मोठ्या रुग्णालयात हृदयाचा, किडनीचा, मुलांचा डॉक्टर वेगळा असतो. राधानगरी किंवा चंदगडच्या आरोग्य केंद्रात मात्र ताप, मधुमेह, गरोदरपण, सर्पदंश सगळे एकाच डॉक्टरपुढे येते. प्रत्येक औषधाचा डोस, कोणते औषध कोणाला चालत नाही, हे सारे पाठ राहणे शक्य नाही. शिवाय दहा वर्षांपूर्वी शिकलेले उपचार आज बदललेलेही असतात.

ही अडचण ओळखून अमेरिकेतील किडनीतज्ज्ञ बर्टन रोझ यांनी १९९२ मध्ये 'अपटूडेट' हा संगणकावरचा वैद्यकीय संदर्भसंग्रह सुरू केला. तज्ज्ञ त्यात लिहितात आणि नवे संशोधन आले की मजकूर सुधारतात. पण त्याची वर्गणी सामान्य डॉक्टरांना महागच पडते. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये खर्च उचलून 'कॉक्रेन लायब्ररी' देशभर मोफत खुली केली. २०१९ मध्ये परिषदेनेच 'प्रमाणित उपचार पद्धती' आणल्या. त्या मोबाइलवर मोफत मिळतात. एका आजाराची माहिती साधारण एका पानात : काय तपासायचे, कोणते औषध, धोक्याची लक्षणे कोणती आणि रुग्णाला पुढे कधी पाठवायचे.

याचा आपल्याला काय उपयोग? बाळाला जुलाब झाले की अनेक आईवडील सलाईन आणि अँटिबायोटिक मागतात. साध्या पाण्यासारख्या जुलाबात बहुतेक बाळांना ओआरएस आणि १४ दिवस झिंक पुरते. शौचात रक्त असेल, बाळ सुस्त झाले असेल, पाणीही पीत नसेल, तर गोष्ट वेगळी. मग वेळ न घालवता रुग्णालय गाठायचे. डॉक्टरांनी संदर्भ पाहून सलाईन नाकारली, तर ती टाळाटाळ नव्हे. उगाच होणारा खर्च आणि त्रास त्यांनी वाचवला, असे समजावे.

हे ज्ञान फक्त परदेशातून येते असेही नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला होते. कोकणात लाल विंचू चावून मुले दगावत होती आणि पुस्तकांत खात्रीचा उपाय सापडत नव्हता. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणे टिपली. ती १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आली. १९८६ मध्ये तिथेच त्यांनी रक्तदाबाच्या 'प्राझोसिन' गोळीचा उपयोग मांडला. आज विंचूदंशाच्या उपचारात ती गोळी जगभर परिचित आहे. खेड्यातल्या दवाखान्यातली नोंद जगाच्या संदर्भात गेली, ती अशी.

अर्थात मोबाइल नाडी पाहत नाही, पोट दाबून बघत नाही. डोंगराळ भागात रेंज जाते. पानावर लिहिलेले औषध केंद्राच्या कपाटात नसेल, तर त्या पानाचा उपयोग काय? म्हणून औषधांच्या पुरवठ्याबद्दल गावाने ग्रामसभेत विचारलेच पाहिजे.

डॉक्टरांना नेमका संदर्भ सापडावा म्हणून आपण एवढे करावे :

- जुने कागद आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.
- गरोदरपण, किडनीचा आजार, औषधाची अॅलर्जी आधी सांगावी. अंगदुखीच्या काही गोळ्या किडनीच्या रुग्णाला घातक ठरतात.
- मुलाचे वजन करून घ्यावे. डोस बहुधा त्यावरच ठरतो.
- "हे औषध कशासाठी? किती दिवस? परत कधी यायचे?" हे तीन प्रश्न न लाजता विचारावेत.
- सीपीआरला पाठवले तर चिठ्ठी लिहून घ्यावी. तातडीच्या वेळी १०८ ला फोन करावा.

आणि हो, हे डॉक्टरांच्या हातातले साधन आहे. ते वाचून घरीच औषध ठरवू नये.