हजेरीपासून दाखल्यापर्यंत

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी मंजूर झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची कलमे आज सावकाश वाचू लागले, म्हणजे त्यातील क्रौर्याच्याही आधी त्यातील टापटीप डोळ्यांत भरते. प्रांतिक सरकारने एखादी जमात सराईतपणे गुन्हे करणारी असल्याचे जाहीर करावे, त्या जाहीरनाम्याच्या सत्यासत्यतेविषयी कोणत्याही न्यायालयाने ब्रदेखील काढू नये, मग त्या जमातीतल्या माणसांची नावनिशीवार नोंदवही व्हावी, ठरल्या वेळी त्यांनी हजेरी द्यावी आणि गावाबाहेर पाऊल टाकायचे तर पास घ्यावा, अशी ती चोख व्यवस्था होती. आरोप नाही, साक्षीपुरावा नाही. जन्म हाच गुन्हा. प्रथम पंजाब, वायव्य प्रांत व अवध येथे लागू झालेला हा कायदा १९११ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू करण्याची तरतूद झाली. १९२४ च्या सुधारलेल्या कायद्यात तर अशी सोय होती की, अशा जमातीतल्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा शिक्षा व्हायची तर ती सामान्यतः सात वर्षांहून कमी नसावी आणि तिसऱ्यांदा झाल्यास जन्मभर काळे पाणी.

आपल्याकडे या कायद्याची खूण सोलापुरात पाहावी. तेथे तारेच्या कुंपणात वसवलेल्या सेटलमेंटमधून स्त्रीपुरुष कापडगिरण्यांत कामाला जात. सुधारणेचे पुण्य आणि गिरणीला हुकमी मजूर असा तो दुहेरी व्यवहार होता. आजही त्या शहरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावाची वस्ती आहे. ‘फ्री’ हा शब्द पत्त्यात घालावा लागला, यातच त्या वस्तीची निम्मी बखर आली.

स्वराज्य मिळाल्यावर केंद्र सरकारने अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून हा कायदा इतिहासजमा झाला. त्या दिवशी जे सुटले ते ‘विमुक्त’. शब्द सुंदर आहे. परंतु तो उच्चारताच ऐकणाऱ्याने विचारावे, ‘कशातून विमुक्त?’, म्हणजे जुने बिरुद पुन्हा कपाळी आलेच. कायदा रद्द करणाऱ्या त्या चारदोन ओळींच्या अधिनियमात खेदाचे अक्षर नाही. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांची १९८८ साली कायद्याने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर देऊ केले. पैशाने गेलेली वर्षे परत येत नाहीत हे खरे, पण अन्याय झाला ही गोष्ट तरी दप्तरी लागली. आमच्याकडे एका हाताने कुंपण काढले आणि १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा नवा अधिनियम आला. कागदोपत्री तो व्यक्तीकडे पाहतो, जातीकडे नाही. पोलीस ठाण्याची नजर मात्र कागदावरून बदलत नसते.

भरपाईचा खरा मार्ग येथे निघाला तो याद्यांचा. महाराष्ट्राने चौदा विमुक्त जाती निश्चित केल्या व त्यांस तीन टक्के राखीव जागा दिल्या, ही गोष्ट लहान नव्हे. पण अन्याय करताना ज्या सरकारला प्रांतांच्या सीमा आड आल्या नाहीत, त्याला भरपाई करताना त्या आड आल्या. विदर्भातील कैकाडी अनुसूचित जातीत, सोलापूरचा कैकाडी विमुक्त. फासेपारधी अनुसूचित जमातीत, राजपारधी विमुक्तांत. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत. सोलापूरची मुलगी विजापूरला नांदायला गेली, तर तिचे माहेर एका यादीत आणि सासर दुसरीत!

आणि या साऱ्यावर कडी करणारी तारीख आहे ती २१ नोव्हेंबर १९६१. विमुक्त जातीचा दाखला हवा असेल, तर आपले वाडवडील त्या तारखेपूर्वीपासून महाराष्ट्रात राहत होते, याचा पुरावा जोडावा लागतो. तहसील कचेरीतला कारकून तोंड वर न करता विचारतो: आजोबांच्या शाळेचा उतारा? कोतवाल बुकाची नक्कल? सातबारा? शाळेची पायरी न चढलेल्या, पालात जन्मलेल्या आणि ज्याच्या नावे वीतभर जमीन नव्हती त्या माणसाचा नातू यावर काय उत्तर देणार? गृहचौकशी करून दाखला देण्याची सोय नियमांत आहे, नाही असे नाही; पण त्या सोयीपर्यंत पोहोचायलाही चार खेटे, चार दिवसांची मजुरी आणि एखादा ओळखीचा माणूस लागतो.

विमुक्तांचे जिणे मांडणाऱ्या ‘उचल्या’ या आत्मकथनाबद्दल लक्ष्मण गायकवाडांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, विमुक्तांच्याच प्रश्नावर बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ साली आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने २०१८ साली अहवाल दिले. २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवताना, विमुक्त जमातींना जन्मतःच सराईत समजणाऱ्या त्यांतील तरतुदींवरही बोट ठेवले. कचेरीतला तो नातू तोवर रांगेत उभाच असतो. त्याच्या आजोबाचे नाव, बापाचे नाव, राहण्याचे ठिकाण आणि बोटांचे ठसे सरकारने एके काळी फार काळजीपूर्वक नोंदून घेतले होते. पण कारकून जी कागदपत्रांची यादी वाचून दाखवतो, तीत त्या नोंदवहीचे नाव नसते.