शेजारी नसलेले शेजारी

'युती' हा शब्द आमच्या घरी पंचांगात नाहीतर निवडणुकीतच ऐकू येतो. खगोलशास्त्रात त्याचा अर्थ साधा आहे : पृथ्वीवरून पाहताना दोन ग्रह जवळ दिसणे. दिसणे, असणे नव्हे! २२ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे शुक्र आणि मंगळ पूर्ण चंद्राच्या रुंदीहून थोड्याच जास्त अंतरावर दिसत होते. प्रत्यक्षात शुक्र आपल्यापासून सुमारे २२ कोटी किलोमीटर दूर होता आणि मंगळ सुमारे ३३ कोटी. हे असले शेजारी!

बारावीची परीक्षा आदल्याच दिवशी सुरू झाली होती, त्यामुळे पहाटे उठणे भागच होते. थंडीही महाशिवरात्रीपर्यंत हटत नाही. साडेपाचच्या सुमारास हे ग्रह आग्नेयेकडे उगवले. पण क्षितिजालगत धूर नि धुके फार. सव्वासहानंतर उजेडात मंगळ विरू लागतो. म्हणजे हाती उरतात जेमतेम वीस मिनिटे.

खरी अडचण निराळीच. शुक्र त्या दिवशी मंगळाच्या शंभरपटीहून अधिक तेजस्वी होता. मंगळ उमटावा म्हणून शटर फार वेळ उघडे ठेवले, तर शुक्र पसरून त्याला गिळतो. कमी ठेवले, तर मंगळच गायब. फोनच्या मर्जीवर सोडले, तर तो अंधार पाहून सगळेच उजळून टाकतो. म्हणून आयएसओ ४००, शटर एक सेकंद आणि फोकस अनंतावर, असे स्वतः ठरवावे लागते. बोटाचा धक्का नको म्हणून टायमर लावावा. तिपाई नव्हती, पायलीत ज्वारी भरून तीत फोन रोवला, तो तसूभर हलला नाही. गोधडीतला उबदार फोन एकदम बाहेर काढू नये. थंडीचा कॅमेऱ्यावर काही वेळ अगोदर संस्कार होऊ द्यावा.

फोटोत शुक्र ठसठशीत आला आणि त्याच्या खाली तांबूस ठिपका, मोहरीएवढा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच; मंगळाचे भय मात्र घरात पिढ्यान् पिढ्यांचे. ताईच्या पत्रिकेत तो आहे, म्हणून दोन स्थळे परत गेली. आईने बोटांनी फोटो मोठा करून पाहिला नि म्हणाली, "एवढासाच व्हय?" ताईने तो आपल्या मोबाइलवर घेतला. पुढचे स्थळ आले की दाखवीन, म्हणाली.