हॉर्मोन ग्राही, स्तनाच्या कर्करोगातील

कोशिकेतील ज्या विशिष्ट प्रथिनाशी बद्ध होऊन हॉर्मोन आपले कार्य घडवून आणते, त्या प्रथिनाला ‘ग्राही’ म्हणतात. स्तनाच्या कोशिकांत ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन या हॉर्मोनांचे ग्राही असतात. ईस्ट्रोजेन ग्राहीशी बद्ध झाले की, केंद्रकातील ठराविक जनुके कार्यान्वित होऊन कोशिकाविभाजनास चालना मिळते. पुष्कळशा मारक अर्बुदांत ही यंत्रणा टिकून राहते व त्यांची वाढ हॉर्मोनावर अवलंबून असते.

ग्राहींचा शोध लागण्यापूर्वीच हे अवलंबित्व लक्षात आले होते. ग्लासगो येथील शस्त्रक्रियाविशारद जॉर्ज बीटसन यांनी, अंडकोश काढून टाकल्यावर शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेलेले स्तनाचे अर्बुद ओसरल्याचा वृत्तांत १८९६ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु असा गुण थोड्याच स्त्रियांना येई व तो कोणाला येईल हे आधी सांगता येत नसे. त्यामुळे अनेकींचे अंडकोश, पुढे अधिवृक्क ग्रंथीही, व्यर्थ काढल्या गेल्या. शिकागो विद्यापीठातील एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सर्गी हायड्रोजनाने अंकित केलेले ईस्ट्रॅडिओल वापरून ग्राहीचे अस्तित्व दाखविले, तेव्हा या निवडीला आधार मिळाला.

फलानुमानाच्या दृष्टीने ग्राहीयुक्त अर्बुदे सामान्यतः मंद वाढणारी असून पहिल्या पाच वर्षांत ती उलटण्याचे प्रमाण ग्राहीहीन अर्बुदांपेक्षा कमी असते. तथापि ग्राहीयुक्त म्हणजे सौम्य, हा समज अपुरा आहे. ग्राहीहीन रोग उलटला, तर बहुधा पहिल्या काही वर्षांतच उलटतो. ग्राहीयुक्त रोग वीस वर्षांनंतरही डोके वर काढू शकतो. ग्राहीचे खरे मोल उपचार ठरविण्यात आहे. ग्राहीयुक्त रोगात टॅमॉक्सिफेन पाच वर्षे दिल्यास पहिल्या पंधरा वर्षांतील या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. ग्राहीहीन रोगात त्याचा उपयोग होत नाही.

आता ही परीक्षा ऊतकाच्या छेदांवर प्रतिपिंडांच्या साहाय्याने करतात. २०१० पासूनच्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार एक टक्का कोशिकांची केंद्रके रंगली, तरी अर्बुद ग्राहीयुक्त मानले जाते. मात्र २०२० पासून एक ते दहा टक्क्यांपर्यंतच्या निष्कर्षाची ‘अल्प ग्राहीयुक्त’ अशी वेगळी नोंद करतात. काढलेले ऊतक फॉर्मॅलिनात ठेवण्यास विलंब झाल्यास ग्राही नष्ट होऊन निष्कर्ष खोटा नकारात्मक येतो. भारतातील जुन्या पाहण्यांत ग्राहीयुक्त अर्बुदांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आढळे, त्याला रुग्णांचे कमी वय हे एक कारण असले, तरी ऊतकाची हेळसांड हेही कारण मानले जाते. अशा चुकीमुळे एखाद्या स्त्रीला स्वस्त व परिणामकारक गोळीला मुकावे लागते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली मंद प्रतीचे दिसणारे अर्बुद ग्राहीहीन ठरल्यास दुसऱ्या नमुन्यावर परीक्षा पुन्हा करणे इष्ट असते.