शेवटच्या टेबलावरचं पाणी

महाराष्ट्रातल्या मॅरेथॉनचा आढावा घ्यायचा म्हटलं की हल्लीची लिहिणारी मंडळी मुंबईच्या २००४ सालच्या शर्यतीपासून सुरुवात करतात. जणू त्याआधी इथे कुणी बस पकडायलाही पळत नव्हतं! पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ची. त्याच्याही मागे, १९१९ साली, डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत सर दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहिली आणि पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला संघ गेला. त्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले.

पुढचं सगळ्यांना पाठच आहे. शिवनाथ सिंगांनी १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटं नोंदवली. माणदेशातल्या ललिता बाबरने २०१२ ते २०१४ सलग तीनदा मुंबईत भारतीय महिलांत पहिला नंबर काढला आणि मग ती स्टीपलचेसकडे वळून रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. विजेत्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी कशाला शाई घालवू?

माझा जीव मधल्या घोळक्यात, कारखान्यांतून आलेल्या पळणाऱ्यांत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, आकुर्डीला बजाज, अलीकडे चाकण. साताऱ्या-नगरकडून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसं आली, खोल्या करून राहिली आणि त्यातली काही पळायला लागली. पहिल्या पाळीची बस यायच्या आत निगडीच्या दुर्गा टेकडीवर फेऱ्या मारणारे, तिसरी पाळी संपवून डबा पाठीला बांधून घरी पळत जाणारे. ना कोच, ना घड्याळ. पायात कंपनीच्या दुकानाबाहेर घेतलेले कॅनव्हासचे बूट. कँटीनमध्ये केळं जास्तीचं मिळालं तर तोच आहारतज्ज्ञ. चार-साडेचार तासांत मॅरेथॉन संपवून ही माणसं सोमवारी सकाळी मशीनवर उभी असत, फक्त जिना उतरताना कठडा धरत.

अशा माणसाला मोठी शर्यत कशी दिसते, ते आढाव्यांत कधी येत नाही. पहाटेच्या अंधारात बाम आणि घामाचा वास, नंबरच्या चार पिनांपैकी एक हमखास हरवलेली. पुढे कुठेतरी बंदूक वाजते, आरोळी उठते आणि मागे कुणीच हलत नाही. मग पाऊल, अर्धं पाऊल, पुन्हा थांबा. बुटात वेळ मोजणारी चिप आली नव्हती तेव्हा ही सगळी मिनिटं मागच्यांच्या खात्यावर पडत. रेघ ओलांडल्यावरही पळणं नाहीच. समोर चौघं हातात हात घालून चाललेले, एकजण नाडी बांधायला मधेच बसलेला. नवखे इथे डावी-उजवी करत घुसतात आणि दम घालवतात. मार्ग मोजलेला असतो कमीत कमी अंतराच्या रेघेने, त्यामुळे प्रत्येक वळसा पदरचा. पाण्याच्या पहिल्या टेबलावर तर झुंबड. अनुभवी माणूस ते सोडतो, रांगेतल्या शेवटच्या टेबलाशी ग्लास उचलतो आणि ओल्या ग्लासांवरून, केळीच्या सालींवरून पाय सपाट टाकत निघतो.

गर्दीमुळे शर्यतीची शान जाते, असं काही जाणकार म्हणतात. या जाणकारांनी मुंबईच्या पेडर रोडचा चढ कधी पाचव्या तासाला चढलाय का? पस्तीसएक किलोमीटर झालेले, ऊन डोक्यावर, मांड्यांत गोळे. एकटा असता तर माणूस फुटपाथवरच बसला असता. पण शेजारचा अनोळखी बाप्या नुसतं ‘चला’ म्हणतो, सोसायटीतली आजी मीठ लावलेली संत्र्याची फोड पुढे करते आणि पाय पुढे पडतात. माझ्या लेखी शर्यत होते ती इथे.

आता सगळं चकचकीत झालंय. सुरुवातीला झुंबा, शेवटी पदकाबरोबर फोटोची भिंत. प्रवेश फी अशी, की कंत्राटी पोराने दोन दिवसांची हजेरी घालवावी. त्याला सुट्टी मिळाली तर! आणि फी घेऊनही मागच्यांची किंमत शून्य. आमच्याच पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या एका शर्यतीत मी शेवटून येत होतो, तर वेळ संपायच्या आत टेबलं टेम्पोत चढत होती. पाणी मागितलं तर पोरगा म्हणाला, ‘काका, वाइंड-अप झालं.’ रस्ता वेळेवर वाहनांना खुला करा, माझी तक्रार नाही; पुणे-नाशिक रस्त्यावर पाळी सुटल्यावर ट्रेलर कसे अडकतात ते मी रोज पाहिलंय. पण फुटपाथवर दोन जार आणि एक माणूस ठेवायला कुठली परवानगी लागते?

हल्ली आयोजक मला झेंडा दाखवायला बोलावतात. मी जातो, पण आदल्या दिवशी शेवटच्या टेबलावर किती जार ठेवणार ते विचारून. आकडा सांगता आला नाही, तर झेंड्यासाठी नगरसेवक पुष्कळ आहेत.