सणाच्या दिवशीचे गाणे

आमच्या खर्डा गावाचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलेच असेल. १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई येथेच झाली. त्या लढाईची आठवण गावातील भुईकोट किल्ला पाहताना होते. परंतु मुलांनो, आज मी तुम्हांला दुसरीच एक आठवण सांगणार आहे. ती आहे सणासुदीच्या दिवशी दूरदर्शनवर लागणाऱ्या गाण्यांची.

भारतात दूरदर्शनचा आरंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली पडद्यावर रंग आले. तरीही खेड्यांत दूरदर्शन संच फार थोड्या घरी असत. आमच्या आळीत असा एकच संच होता. दिवाळीच्या संध्याकाळी त्या घरची ओसरी माणसांनी भरून जाई. एक जण छपरावर चढून ॲन्टेना फिरवी आणि खालून सारे ओरडत, “थांबा, थांबा, चित्र आले!” मग एखादा गायक तंबोरे जुळवून बसलेला दिसे, आणि क्षणात सर्वत्र शांतता पसरे.

सणाच्या दिवशी असे सर्वांनी मिळून ऐकण्याची सवय मराठी माणसाला दूरदर्शनच्या आधीच आकाशवाणीने लावली होती. १९५५ साली रामनवमीस, म्हणजे १ एप्रिल रोजी, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली छप्पन्न गीते दर आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभर प्रसारित झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या कलावंतांनी त्यांत आपला स्वर दिला. पुढचे गीत ऐकण्यासाठी आठवडाभर वाट पाहावी लागे, आणि त्या वाट पाहण्यातही एक गोडी होती.

१५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनने ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे गीत प्रथम दाखविले. पंडित भीमसेन जोशी यांच्या धीरगंभीर स्वराने त्याचा आरंभ होतो. देशातील अनेक भाषांतून फिरत फिरत ते शेवटी लता मंगेशकर यांच्या स्वराशी येते. त्या सकाळी मी शाळेच्या ध्वजवंदनात होतो. म्हणून मला ते पुढे काही दिवसांनी पाहावयास मिळाले. ज्यांची भाषा आम्हांला कळत नव्हती, त्यांचा सूर मात्र ओसरीवरच्या प्रत्येकाला कळला.

तेव्हाचे सारेच कार्यक्रम उत्तम होते, असे मात्र समजू नका. काही कंटाळवाणे असत. कधी ऐन रंगात वीज जाई. मग ते गोड का वाटतात? वाहिनी एकच होती, कार्यक्रम बहुधा एकदाच लागे, आणि तो चुकला तर गेलाच. म्हणून सारी आळी एका वेळी, एका ठिकाणी जमे. आज हवे ते गाणे हवे तेव्हा ऐकता येते. ही सोय मोठीच आहे. परंतु शेजारच्या आजोबांच्या मांडीला मांडी लावून ऐकण्याचा योग तिच्यामुळे आपोआप येत नाही.

त्या काळचे कितीतरी कार्यक्रम आज उपलब्ध नाहीत. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. ध्वनिचित्रफितीवर चुंबकीय पदार्थाचा बारीक लेप असतो. चित्र व ध्वनी यांचे संकेत त्यावर चुंबकीय खुणांच्या रूपाने उमटतात. त्याच फितीवर नव्या खुणा उमटविल्या, की जुन्या पुसल्या जातात. फिती महाग असल्यामुळे त्या पुन्हा वापरीत. इंग्लंडच्या बीबीसीसारख्या संपन्न संस्थेचेही अनेक जुने कार्यक्रम याच रीतीने नाहीसे झाले.

हे वाचताना तुम्हांला वाटेल, की केवढी ही बेपर्वाई! परंतु मीही तेच केले आहे. आमच्या आळीत एक वृद्ध भजनी बुवा राहत. दिवाळीच्या पहाटे ते एकतारी घेऊन गात. माझ्याजवळ टेपरेकॉर्डर होता. त्यावर मी पडद्यावरच्या नामवंतांची गाणी उतरवून घेतली. बुवांचे एकही भजन घेतले नाही. ते तर रोजचेच, असे मला वाटे. एका पावसाळ्यात बुवा गेले. नामवंतांचा स्वर आजही कोठेही ऐकावयास मिळतो. बुवांचा आता कोठेच नाही.

म्हणून मुलांनो, यंदाच्या दिवाळीत आपल्या आजीपाशी बसा. तिला एखादी ओवी किंवा जुने गाणे म्हणावयास सांगा, शांतपणे ऐका आणि ते जपून ठेवा. जे रोज कानी पडते, तेच जपावयाचे आपण विसरतो.