मनाली ते लेह : वाटेवरच्या जेवणाची पस्तीस वर्षं

चंद्रा आणि भागा या दोन नद्या जिथे एकमेकींना मिळतात, त्या तांदीला एक पेट्रोल पंप आहे. ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ अशी पाटी तिथे वर्षानुवर्षं होती. मनालीहून लेहला निघालेले सगळे तिच्यापाशी थांबायचे, फोटो काढायचे आणि कॅन भरून घ्यायचे. जेवणाबद्दल इतकी स्पष्ट सूचना देणारी पाटी मात्र कुठेच नव्हती. ती माहिती तोंडोतोंडी चालायची : दारचात राजमा-चावल मिळेल, भरतपूरला चहा, सरचूला मुक्काम, पांगला काहीतरी गरम.

नकाशावर ही नावं ठळक छापलेली दिसतात, पण झिंगझिंगबार, भरतपूर किंवा पांग ही आपल्या अर्थाने गावं नव्हेत. तिथे शाळा नाही, शेत नाही, हिवाळ्यात राहणारं नागरी कुटुंब नाही. मे-जूनमध्ये बर्फ कापून रस्ता मोकळा झाला की तंबू उभे राहतात आणि थंडी वाढली की उतरतात. मधले तीन-चार महिने काय ती वस्ती. साऱ्या गिऱ्हाइकीचा हिशोब या एवढ्या दिवसांत बसवायचा, हे लक्षात आलं की दराबद्दल घासाघीस करावीशी वाटत नाही.

लडाख पर्यटकांना खुलं झालं 1974 मध्ये. त्या पहिल्या वर्षी जेमतेम पाचशे लोक आले. तेव्हा रस्त्याने जायचं म्हणजे श्रीनगरहून जायचं. जोझिला ओलांडून कारगिलला मुक्काम, दुसऱ्या दिवशी वाटेत खलत्सेला जेवण, संध्याकाळी लेह. मनालीकडचा रस्ता होता, पण तो लष्कराचा. सर्वसामान्य प्रवाशांना तो खुला झाला 1989 मध्ये, आणि नेमकं त्याच सुमारास काश्मीर खोरं पेटलं. त्यामुळे एरवी वर्षातून चार-पाच महिनेच चालणाऱ्या या अवघड वाटेला अचानक महत्त्व आलं. पुढे 1999 च्या उन्हाळ्यात कारगिलचा रस्ता तोफांच्या माऱ्यात सापडला, तेव्हा तर ते आणखी वाढलं.

या वाटेवरची पहिली गिऱ्हाइकं पर्यटक नव्हतीच. ती होती ट्रकवाले, जवान आणि सीमा सडक संघटनेचे मजूर. त्यातले कित्येक मजूर थेट झारखंडमधून आलेले. त्यामुळे पानात जे पडायचं ते ट्रकवाल्याच्या चवीचं : राजमा, डाळ, भात, आलू पराठा, आम्लेट, भरपूर साखरेचा चहा. पर्यटक आले आणि त्यांनीही तेच खाल्लं. लडाखच्या वाटेवर लडाखी जेवण मिळत नाही, ही तक्रार नव्वदच्या दशकापासून ऐकू येते. पण तिचं कारण कुणाची अनास्था नव्हतं. गिऱ्हाईक पंजाब-हिमाचलमधून वर येत होतं आणि शिधाही खालूनच येत होता.

ढाबे अमुक जागीच का, याचंही उत्तर भूगोलात आहे. वाट रोहतांगवरून जायची तेव्हा घाट उतरला की पहिली सपाट जागा खोकसरची. दारचाला पोलीस चौकी, तिथे नावं नोंदवायला गाडी थांबणारच. बारालाचा खिंड चढण्याउतरण्याआधी दम खायला झिंगझिंगबार आणि भरतपूर. सरचू साधारण मध्यावर. मग गाटा लूप्सची एकवीस वळणं, नाकीला, लाचुंगला, आणि तिथून खाली उतरल्यावर पांग. त्यापुढे मोरेचं लांबलचक पठार आणि 5328 मीटर उंचीची तांगलांगला. म्हणजे पांगला जेवला नाहीत तर पुढे बराच वेळ उपाशीच.

पांगच्या तंबूचं वर्णन करायलाच हवं. लष्कराने मोडीत काढलेलं पॅराशूट मधल्या खांबावर ताणून त्याचं छत केलेलं. उन्हात आतला उजेड पांढुरका होतो. कडेने गोलाकार बैठका, त्यांवर गाद्या आणि गालिचे. याच बैठका रात्री बिछाने होतात, आणि अंगावर जड रजया. एका बाजूला फळीवर मॅगीची पाकिटं, बिस्किटं, ज्यूसचे डबे यांची उतरंड. त्यामागे स्टोव्ह, कुकर आणि दिवसभर भरला-रिकामा होणारा चहाचा थर्मास. बहुतेक तंबू लडाखी बायका चालवतात. वयस्कर असेल तर तिला ‘आमा-ले’ म्हणायचं. नावामागे, नात्यामागे ‘ले’ लावला की आदर पोचतो. ती ‘जुले’ म्हणून आत घेते आणि काही विचारायच्या आधी चहा ओतते. उंचीने डोकं धरलेल्या माणसाला ती नजरेनेच ओळखते. त्याला आडवं व्हायला सांगते आणि लसणाचं सूप देते. लसणाने डोकं उतरतं की नाही हा डॉक्टरांचा विषय. गरम पातळ काहीतरी पोटात गेल्याने बरं वाटतं, एवढं खरं.

तिथला कुकर ही चैन नाही. पांग साडेचार हजार मीटरच्या वर आहे. एवढ्या उंचीवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात राजमा तासन्‌तास उकळत ठेवला तरी दाणा कडकच राहतो. तांदूळ बाहेरून फुटतो, आत कणी राहते. चहा खळखळ उकळताना दिसतो आणि ओठाला लावला की तितका गरम लागत नाही. डाळ-भात मिळतो तो शिट्टीच्या जोरावर. आणि म्हणूनच मॅगी या रस्त्याची राणी झाली : वजनाला हलकी, नासत नाही, इंधन कमी लागतं. दोन मिनिटांत ती तिथे होत नाही, हा भाग वेगळा. 2015 च्या जूनमध्ये देशभर मॅगीवर बंदी आली ती नेमकी रस्ता उघडण्याच्या तोंडावर. तो हंगाम या तंबूंनी वायवाय आणि इतर नूडल्सवर काढला, आणि बंदी उठून नोव्हेंबरात मॅगी दुकानात परतली तोवर तंबू उतरलेले होते.

रोहतांगवरून जाणाऱ्या जुन्या वाटेने ग्रांफूला उजवीकडे वळलं की स्पितीचा रस्ता लागतो. त्या रस्त्यावर बातलला, कुंझुम खिंडीच्या पायथ्याशी, चंद्रा ढाबा आहे. तो चालवणाऱ्या वृद्ध जोडप्याला सगळा हिमालय ‘चाचा-चाची’ म्हणून ओळखतो. अवकाळी बर्फात अडकलेल्या प्रवाशांना त्यांनी दिवसेंदिवस आसरा दिला, खाऊ घातलं, आणि त्यासाठी त्यांना शौर्य पुरस्कारही मिळाला. ढाब्याला शौर्य पुरस्कार हे ऐकायला विचित्र वाटेल. बातलचा वारा एकदा अंगावर घेतला की वाटत नाही.

2009 च्या डिसेंबरात ‘थ्री इडियट्स’ आला, पँगाँगचं निळं पाणी घराघरांत पोचलं आणि लडाखची गर्दी पार बदलली. पाचशेंनी सुरू झालेला वर्षाचा आकडा 2022 मध्ये पाच लाखांपुढे गेला. या गर्दीत आपण मराठी लोक ठळक दिसतो : पुण्या-मुंबईच्या बुलेटवाल्यांचे जथे, आणि स्वतःचा आचारी बरोबर घेऊन फिरणाऱ्या सहलकंपन्यांच्या मिनीबस. नुब्राच्या वाळूत बटाटेवडे आणि लेहच्या हॉटेलात पिठलं, ही या कंपन्यांची मोठी कमाई आहे आणि मी तिची टिंगल करणार नाही. सत्तरीच्या आजी त्या पिठल्याच्या भरवशावर खारदुंगला पाहून येतात. पण चाळिशीतला धडधाकट माणूसही आठ दिवस साबुदाणा खिचडी खाऊन परत येतो आणि वर ‘तिकडे खायला काही मिळत नाही’ म्हणतो, तेव्हा मात्र चिडायला होतं.

कारण मिळतं, आणि आता पूर्वीपेक्षा सहज मिळतं. मोमो आणि थुक्पा लेहच्या बाजारात रुळले त्याला बरीच वर्षं झाली. त्यात तिबेटी निर्वासितांचा हात मोठा. खास लडाखी पदार्थ मात्र घराच्या चुलीपाशीच राहिले होते. स्क्यू म्हणजे कणकेचे अंगठ्याने दाबलेले छोटे तुकडे, सलगम-बटाट्याच्या रश्शात शिजवलेले. छुतागी त्याचीच बहीण, गाठीच्या आकाराची. खंबीर ही जाड, खरपूस पोळी, आंबवलेल्या कणकेची. ती लोणी-मिठाच्या गुरगुर चहाबरोबर खायची, नाहीतर जर्दाळूच्या मुरंब्याबरोबर. हे गरिबाघरचं जेवण, पाहुण्याला काय वाढायचं, असा संकोच लडाख्यांनाच होता. 2016 मध्ये निल्झा वांगमो यांनी अल्चीच्या हजार वर्षं जुन्या गोंपाजवळ ‘अल्ची किचन’ सुरू केलं, गिऱ्हाइकासमोरच्या चुलीवर हेच पदार्थ रांधायला घेतले, आणि तो संकोच बराचसा मोडला. त्यांना 2019 चा नारीशक्ती पुरस्कार मिळाला. आज लेहमधल्या बऱ्याच उपाहारगृहांच्या यादीत स्क्यू दिसतो, तो असा आला.

3 ऑक्टोबर 2020 ला अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटरच्या या बोगद्याने मनाली-लेह अंतर 46 किलोमीटरनी कमी केलं आणि रोहतांगचा घाट टळला. मढीचे ढाबे, जिथे घाट चढण्यापूर्वी सगळी वाहतूक न्याहारीला थांबायची, ते लेहच्या वाटेवर उरलेच नाहीत. बोगद्याच्या पलीकडचं सिस्सू मात्र कॅफेंनी भरून गेलं. वेळ वाचला, आणि वाचलेल्या वेळात लोक एका दिवसात लेह गाठायला बघू लागले. माझ्या मते हा तोटा आहे, जिभेचाही आणि तब्येतीचाही. सरचूला 4200 मीटरच्या वर पहिला मुक्काम करण्यापेक्षा केलाँग किंवा जिस्पाला रात्र काढणं शहाणपणाचं, हे जुने ड्रायव्हर आजही सांगतात.

तेव्हा जाणार असाल तर दोन दिवस ठेवा. जिस्पाहून पहाटे निघा, भरतपूरला चहा घ्या, दुपारी पांगला थांबा आणि मॅगी मागण्याआधी थुक्पा आहे का ते विचारा. मोकळ्या बाटल्या आणि पाकिटं गाडीतच ठेवून लेहला न्या. पैसे रोख जवळ असू द्या; दारचा सोडलं की फोनवरून पैसे चुकते करता येतील याचा भरवसा नाही.